होल्ड अक्कांचा पिवळा टॅग

आमच्या इमारतीच्या आवारातल्या कढीपत्त्याच्या झाडाला वर्षातले सात-आठ महिने पिवळे टॅग लटकलेले असत. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पुठ्ठा, वरच्या कडेला भोक, त्यातून ओवलेला सुती दोरा. पुठ्ठ्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘होल्ड’ असं छापलेलं. त्याखाली तारीख, कारण आणि सही अशा तीन रेघा, आणि तिन्ही भरलेल्या. कारणाच्या रेघेवर कधी ‘अंडी, तीन’, कधी ‘अळी, हिरवी झाली’, कधी नुसतं ‘कोष’. सही अक्कांची. इमारतीत त्यांना ‘होल्ड अक्का’ म्हणत.

बंगळुरूतल्या के. आर. पुरम स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर असलेल्या या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत मी नागपूरहून राहायला आलो, त्या आठवड्यातली गोष्ट. पोह्यांसाठी कढीपत्ता हवा होता. झाड समोर होतं. हात वर केला, तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कन्नडमध्ये कोणी ओरडलं. कळलं नाही म्हणून तोंडातून निघालं, “काय?”

“मराठी काय? मग वाच की! होल्ड म्हणजे होल्ड!”

“दोनच पानं हवी होती, मावशी.”

“मावशी नको, अक्का म्हण. आणि तू धरलंयस त्यातलं एक पान नाही. नीट बघ.”

पाहिलं. बोटापासून इंचभरावर पानाच्याच रंगाची, करंगळीएवढी जाड अळी बसली होती. कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराची ती अळी, हे नंतर कळलं. पाच मिनिटांनी अक्का खाली आल्या आणि मूठभर कढीपत्ता हातावर ठेवून गेल्या. तो बाजारातून आणलेला होता. झाड त्यांनीच लावलेलं होतं, पण आमटीत घालायला त्यांनी त्याचं पान कधी तोडलं नाही.

अक्कांचे वडील मिरजेहून बंगळुरूला एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले. विमानाचे सुटे भाग तयार करणारा कारखाना. अक्का इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या आणि त्याच कारखान्यात इन्स्पेक्शन विभागात लागल्या. तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: भाग हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, मोजायचा आणि टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे निर्णय होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्या विभागात बरीच वर्षं त्या एकट्याच बाई होत्या. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं होतं: “माझा टॉलरन्स कमी.” कारखान्यात टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घ्यायचा फरक.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कारखान्यातून एकच वस्तू मागून घेतली. जुन्या नमुन्याच्या, वापरातून गेलेल्या पिवळ्या टॅगांचा गठ्ठा. “गेट पास घेऊन आणलाय, चोरून नाही,” हे त्या ऐकणाऱ्याने विचारलेलं नसतानाही सांगत. तो गेट पास त्यांच्या नोंदवहीच्या पहिल्या पानाला टाचलेला होता.

टॅगचा एक नियम त्यांनी कारखान्यातून जसाच्या तसा घरी आणला होता. ज्याने लावला, त्यानेच काढायचा. साहेबालासुद्धा दुसऱ्याचा पिवळा टॅग काढता येत नाही. एकदा अक्का गावाला गेलेल्या असताना इमारतीचे सेक्रेटरी झाडावर कीटकनाशक मारायला माळ्याला घेऊन आले. माळ्याने टॅग पाहिले, सही पाहिली आणि पंप खाली ठेवला. सेक्रेटरींना म्हणाला, “सर, सही आहे. आधी त्यांना फोन लावा.” सेक्रेटरींनी फोन लावला. झाडावर औषध मारलं गेलं नाही.

सकाळी साडेपाचला अक्का जिन्यात असत. जिन्यातल्या ट्यूबलाइटकडे रात्रभर पतंग येत आणि उजाडताना भिंतीवर बसून राहत. अक्का चौथ्या मजल्यापासून खाली यायला सुरुवात करत. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सहा इंची स्टीलची पट्टी. पट्टी पतंगाच्या शेजारी धरायची, टेकवायची नाही. मग वहीत नोंद. “फुलपाखरांना सगळे विचारतात,” त्या म्हणत. “ते दिवसा येतात, रंगीत असतात. हे बिचारे रात्रपाळीवाले. यांचं इन्स्पेक्शन कोण करणार?”

अडचण झाडूची होती. मुनियम्मा सहा वाजता जिना झाडायला येत. त्याही वरूनच सुरुवात करत आणि पतंग, कोळ्याची जाळी, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे, सगळं एकाच फटक्यात खाली आणत. पहिल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, असं अक्काच सांगत. मुनियम्मांची बाजू साधी होती. त्या कन्नडमध्ये बोलत, इथे मराठीत देतो: “पंख पडून पायऱ्या काळ्या होतात. मग सगळे मला बोलतात, तुमच्या पतंगाला नाही.” हा मुद्दा अक्कांना पटला. तोडगा असा निघाला की मुनियम्मांनी तळमजल्यापासून वर झाडत जायचं, अक्कांनी वरून खाली येत पतंग पाहायचे आणि पाहून झालेला प्रत्येक पतंग पोस्टकार्डावर अलगद घेऊन गॅलरीबाहेरच्या पेरूवर सोडायचा. दोघी दुसऱ्या मजल्यावर भेटत. तिथे अक्कांच्या दारात स्टीलच्या दोन पेल्यांत कॉफी तयार असे.

वरून खाली झाडण्याची सवय मोडायला मुनियम्मांना महिना लागला. पुढे एक दिवस त्यांनी डब्याचं झाकण उपडं धरून अक्कांपुढे आणलं. आत कण्हेरीवर वाढणारा हिरवा पतंग होता. अंगावर सैनिकाच्या गणवेशासारखी नक्षी. “हा तुमच्या वहीत नाही,” मुनियम्मा म्हणाल्या. अक्कांनी वही चाळली. खरंच नव्हता. मुनियम्मांना वाचता येत नव्हतं. अक्का रोज भिंतीवर काय मोजतात, ते त्यांनी नुसतं पाहून लक्षात ठेवलं होतं.

वहीचा मुख्य नियम अक्का तीन शब्दांत सांगत: “दिसलं तेवढंच लिहायचं.” त्याला जोडून दुसरा नियम होता, आणि तो पाळणं जास्त अवघड होतं. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. पावसाने झोडपलेल्या सकाळी जिन्यात एकही पतंग नसे. अक्का तरीही चारही मजले उतरत आणि प्रत्येक मजल्यासमोर शून्य लिहीत. एकदा विचारलं, “अक्का, काही नाहीच तर ओळ कशाला?”

“कोरी ओळ म्हणजे मी आले नाही. शून्य म्हणजे मी आले आणि नव्हतं. दोन्ही एकच काय?”

मी एका इंग्रजी बातम्यांच्या वेबसाइटवर काम करतो. आमच्याकडे काही छापलं जात नाही, हे अक्कांना निदान तीनदा सांगितलं होतं. तरी त्यांनी मला नाव ठेवलं ‘पेपर’. “ए पेपर, आज काय छापलंस?” असं जिन्यातून विचारत. एकदा तळ्यांवरच्या एका बातमीची प्रत त्यांना वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी ती दाराच्या कडीला अडकवलेली मिळाली. तिला पिवळा टॅग होता. कारणाच्या रेघेवर लिहिलं होतं: ‘शेकडो. कुणी मोजले?’ बातमीत ‘शेकडो पक्षी’ असं वाक्य होतं. कोणीही मोजले नव्हते. त्यानंतर ‘शेकडो’ हा शब्द फार जपून वापरला. पंधरा वर्षांच्या नोकरीत इतक्या कमी शब्दांत इतकं उपयोगी संपादन दुसऱ्या कोणी केलेलं आठवत नाही.

आमच्या वस्तीमागे एक छोटं तळं आहे. इकडे त्याला नुसतं ‘केरे’ म्हणतात. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी सात वाजता अक्का तिथे चतुर मोजायला जात. उडणारे चतुर मोजत नसत. “उडणारा कुठूनही येतो. पाहुणा पण असेल. इथे जन्मलेला कोण, ते बघायचं.” चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं. मोठं झालं की एखाद्या काडीवर चढून पाण्याबाहेर येतं, पाठ उकलते आणि आतून पंखांचा चतुर निघतो. मागे काडीला चिकटलेली पोकळ कात राहते. अक्का ती कात मोजत. उत्तर काठावर दोनशे पावलं, दक्षिण काठावर दोनशे पावलं. उत्तर काठ काही वर्षांपूर्वी दगडांनी बांधून काढला होता. दक्षिण काठ चिखलाचा, पाणकणसांनी भरलेला. दर रविवारी दोन्ही.

मग उरलेले तिन्ही काठ बांधायचं ठरलं. चालण्याची वाट, बाकं, दिवे आणि कारंजं. नकाशा तळ्याच्या फाटकावर लागला. लोक खूश झाले, आणि ते चूक नव्हतं, के. आर. पुरममध्ये संध्याकाळी चालायला जागा नाही. अक्कांनी नकाशा भिंग लावून वाचला. दक्षिण काठावर जाड काळी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ तिथे माझ्याखेरीज बहुधा त्यांनाच लागला, आणि मलाही तो त्यांच्यामुळेच लागला. दगडी उतारावर काडी नाही. काडी नाही तर पिल्लाला वर यायला जागा नाही.

पहिला ट्रक दगड टाकून गेला, त्या दिवशी अक्कांनी डब्याचं झाकण कापून त्याचा टॅग केला, पिवळा रंगवला, कारण पुठ्ठा पावसात टिकला नसता. त्यावर ‘होल्ड’, तारीख, कारण ‘चतुर, निर्णय बाकी’ आणि सही. दक्षिण काठावर चिखलात एक खुंट ठोकून तो त्यावर तारेने बांधला. कामावरच्या मजुरांनी तो सरकारी समजला. दुसऱ्या दिवशीपासून दगड पूर्वेकडे पडू लागले.

त्याच सुमारास ती नोंद झाली. एका रविवारी पाणकणसावर नुकताच बाहेर आलेला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, गदेसारख्या शेपटीचा चतुर बसला होता. या जातीचे चतुर तळ्यावर नेहमी दिसतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंना कानासारख्या पसरट पात्या असतात. याला त्या नव्हत्या. अक्कांनी पुस्तक काढलं. पात्या नसलेला, तसाच दिसणारा एक चतुर असतो, पण तो डोंगरातल्या वाहत्या ओढ्यांवरचा. शहरातल्या तळ्यावर त्याची नोंद अक्कांना कुठे सापडली नाही. त्यांनी दोन फोटो काढले, वहीत नाव लिहिलं आणि जिन्यात मला गाठलं. मी बातमी केली. मथळ्यात ‘दुर्मीळ’ हा शब्द होता. बातमी बरीच फिरली. तळ्याच्या कामाबद्दल रहिवाशांच्या हरकती ऐकायला शनिवारी बैठक ठरली. सगळ्यांना वाटलं, आता दक्षिण काठ वाचणार.

बैठकीच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, अक्का माझ्या घरी फोटो पाहायला आल्या. बैठकीत दाखवायला मोठा छापून घ्यायचा होता. लॅपटॉपवर फोटो उघडला.

“शेपूट मोठं कर,” अक्का म्हणाल्या. केलं.

“अजून.”

शेपटीची कड पडदाभर झाली. डाव्या बाजूला ती सरळ नव्हती. बारीक दातेरी होती, कागद फाडल्यावर राहते तशी.

अक्कांनी पडद्यावर बोट ठेवून ती कड वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खुर्चीला टेकून म्हणाल्या, “पात्या तुटल्यात रे. बाहेर निघताना अडकून फाटल्या असतील. नेहमीचाच आहे हा.”

“नक्की?”

“तेहतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, तुटलेला पीस वेगळा वाटतो, घाई करू नका. आणि मीच डॅमेज पीसला नवा ड्रॉइंग नंबर दिला.” त्या उठल्या. “उद्या छाप. चूक झाली म्हणून.”

मी समजावून पाहिलं. जे बोललो ते असं होतं: शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. बैठक होऊ द्या, निर्णय होऊ द्या, सोमवारी दुरुस्ती देऊ. खोटं बोलायला कोणी सांगत नाही. नुसतं थोडं थांबायचं. काठ वाचला तर चतुरांचंच भलं आहे.

अक्का चप्पल घालता घालता थांबल्या. “विमानात बसवल्यावर सांगायचं काय, की पीस खराब होता?”

“हे विमान नाही, अक्का.”

“वही तीच आहे, पेपर. एक ओळ खोटी ठेवली की बाकीच्यांना कोण विचारतो?” दारातून त्या पुन्हा वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, असं त्या दिवशी वाटलं. तसं मी त्यांना इतर वेळी पाहिलेलं नाही. “मलाच नको आहे काय तो काठ? आठ वर्षं चाललेय तिथे.”

दुरुस्ती गुरुवारी सकाळी गेली. आमच्याकडे दुरुस्ती दोन ओळींची असते. अक्कांनी सात ओळी सांगितल्या आणि त्यातली एकही कापू दिली नाही. शेवटची ओळ होती: ‘चूक निरीक्षकाची आहे, चतुराची नाही.’ तिच्याखाली वार्ताहराची, म्हणजे माझी, चूकही जोडली, कारण ती होतीच: फोटो दुसऱ्या जाणकाराला न दाखवता मथळा केला होता. दुपारपर्यंत वस्तीच्या ग्रुपवर अक्कांना नावं ठेवून झाली होती. एकाने लिहिलं, म्हातारीने ऐनवेळी घात केला. अक्कांकडे स्मार्टफोन नव्हता. पण मुनियम्मांनी चौथ्या मजल्यावर कोणाकडून तरी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मजल्याचा कचरा दुपारपर्यंत तसाच राहिला.

शनिवारची बैठक तळ्याजवळच्या शाळेच्या वर्गात झाली. अक्का पहिल्या बाकावर, लहान मुलांसाठी केलेल्या बाकावर, गुडघे आवळून बसल्या. मांडीवर पिशवी. तळ्याच्या कामाचे इंजिनियर चाळिशीतले, शांत गृहस्थ होते. त्यांच्या हातात दुरुस्तीची छापील प्रत होती. बोलणं कन्नडमध्ये झालं. माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं, त्यावरून देतो.

“मेडम, तो विशेष चतुर मग नाहीच?”

“नाही. माझी चूक.”

“मग हरकत मागे घेताय?”

“नाही.” अक्कांनी पिशवीतून आठ वह्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. “विशेष नाही, नेहमीचे बघा. डावीकडे उत्तर काठ, उजवीकडे दक्षिण. दर रविवार.”

इंजिनियरांनी एक वही उघडली. मग दुसरी. उजव्या रकान्यात आकडे होते: अकरा, सतरा, चार, बावीस. डाव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. पानामागून पान शून्य. कुठेतरी एक. पुन्हा शून्य.

“इदेल्ला सोन्ने?” त्यांनी विचारलं. ही सगळी शून्यं?

“हो. दगडाचा काठ आहे तो.”

“आठ वर्षं दर रविवारी शून्य मोजायला कोण जातं, मेडम?”

“इन्स्पेक्शन.”

मागे कोणीतरी हसलं. इंजिनियर हसले नाहीत. त्यांनी पानांचे फोटो काढायला सुरुवात केली. मध्येच आठवण झाल्यासारखं विचारलं, “तो पिवळा टॅग कोणत्या ऑफिसचा आहे?”

“माझा.”

“तुमचं ऑफिस कुठलं?”

“मी रिटायर झाले,” अक्का म्हणाल्या. “टॅग नाही झाला.” आता तेही हसले.

तीन आठवड्यांनी सुधारित नकाशा लागला. दक्षिण काठाची दोनशे पावलं दगडाविना सोडली होती. चालण्याची वाट तिथे मागे, उंचावर सरकवली होती. पूर्व आणि पश्चिमेचे काठ बांधले गेले. कारंजंही झालं, दिवेही लागले. सगळं वाचलं नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे, कारण अक्कांनी ते वहीत नोंदवलं होतं. वह्यांमुळेच नकाशा बदलला, असं इंजिनियर कधी म्हणाले नाहीत. त्यांनी फोटो काढले आणि नकाशा बदलला, एवढं पाहिलेलं आहे.

नकाशा लागल्यावर अक्कांना म्हटलं, आता टॅग काढा. त्या म्हणाल्या, “कागद बदललाय. काम पुरं होऊ दे, मग बघू.”

काम पुरं व्हायला वर्षाहून अधिक लागलं. त्या काळात वहीतल्या अक्कांच्या आकड्यांवर खाडाखोड दिसू लागली. जिन्यात त्या भिंतीच्या डागाला पतंग समजून पट्टी धरत आणि मग काही न बोलता पुढे जात. कारखान्यात निरीक्षकाचे डोळे दर वर्षी तपासत. बारीक अक्षरांचा तक्ता हातभर अंतरावरून वाचता आला नाही, तर त्या दिवसापासून त्याची सही चालत नसे. एका सोमवारी अक्का बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेल्या आणि तसाच तक्ता मागितला. मग डॉक्टरांकडे जाणं झालं. डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होत होती आणि तिच्यावर फारसा उपाय नव्हता. घरी येऊन त्यांनी वहीत तारीख घातली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘निरीक्षक अपात्र. कारण दृष्टी.’ खाली सही केली. ती त्यांची वहीतली शेवटची सही.

रविवार मात्र चुकवायचा नव्हता. अक्कांनी मुनियम्मांना विचारलं. मुनियम्मा म्हणाल्या, “डोळे आहेत, अक्षरं नाहीत.” अक्का म्हणाल्या, “अक्षरं हा पेपर घालेल.” मुनियम्मांनी स्वतःची पद्धत काढली. दिसलेल्या प्रत्येक कातेला एक ठिपका, रांगोळीसारखे ओळीत पाच, मग पुढची ओळ. पहिल्या रविवारी उत्तर काठ संपल्यावर त्या थांबल्या. “इथे काहीच नाही. काय काढू?” वरच्या वाटेवरच्या बाकावरून अक्का म्हणाल्या, “गोल काढ. आणि आतमध्ये काही भरू नकोस.”

त्याच बाकावर, काम पुरं झाल्याचा फलक लागला त्या रविवारी, टॅगची गोष्ट पुन्हा निघाली. “अक्का, झालं सगळं. आता काढायचा?”

“मी कशी काढणार? मी अपात्र.”

“मग मी काढतो.”

“तू लावलायस काय?”

“मग काढणार कोण?”

अक्कांनी तळ्याकडे तोंड केलं. त्यांना खुंट दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते माहीत होतं. “नियमाप्रमाणे कोणीच नाही,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मुनियम्मांनी विचारलं, काय झालं. अक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं. मग त्या दोघी हसत बसल्या. आपण अपात्र ठरणार हे ओळखून त्यांनी टॅग मुद्दाम ठेवला होता का, हे विचारायचं राहिलं. जे पाहिलं नाही, ते लिहीत नाही.

अक्का या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. गुरुवारी दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. त्यांची भाची पुण्याहून आली, तिने घर आवरलं. वह्या मुनियम्मांकडे दिल्या. तसं अक्का सांगून गेल्या होत्या. वाचता न येणाऱ्या बाईकडे वह्या का, असं भाचीने विचारलं. मुनियम्माच म्हणाल्या, “वाचणारे पुष्कळ आहेत. जाणारं कोण आहे?”

तिसऱ्या दिवशी रविवार होता. जायचं की नाही, याचा विचार करत होतो. पावणेसातला दार वाजलं. मुनियम्मा उभ्या होत्या. हातात वही, केसांत अबोली, डोळे सुजलेले.

“कोरी ठेवायची का?” त्यांनी विचारलं.

निघालो. उत्तर काठ दोनशे पावलं. मुनियम्मांनी गोल काढला. कारंजं सुरू होतं, वाटेवर माणसं चालत होती, बाकावर दोन मुली अभ्यास करत होत्या. दक्षिण काठावर पाणकणसांत त्या वाकून चालल्या आणि ठिपके काढत गेल्या. मधल्या एका ठिकाणी थांबल्या. चिखलात अक्कांचा खुंट होता. टॅगचा रंग उडाला होता, कारणाची रेघ वाचता येत नव्हती; ‘होल्ड’ आणि सही दिसत होती. टॅगच्या खाली, खुंटाच्या लाकडाला, एक कात चिकटली होती. पाठ उकललेली, आत कोणी नाही.

मुनियम्मांनी ती हाताने काढली नाही. ओळीतला पाचवा ठिपका काढला आणि पुढच्या ओळीवर गेल्या.